बडोद्याचे दार आणि स्वयंपाकघराचा उंबरठा

गेल्या वर्षी नगर जिल्ह्यातल्या एका गावी ख्रिस्ती तरुणांच्या शिबिरात बोलण्याचा प्रसंग आला. विषय त्यांनीच ठरवलेला होता : 'आतिथ्य हीच उपासना'. मी बौद्ध. मिशनच्या आवारात उभे राहून पाहुणचारावर बोलायचे म्हणजे जरा अवघडच. पण बोलावणारा शिक्षक माझा जुना विद्यार्थी, आणि त्याचे पणजोबा व माझे पणजोबा एकाच महारवाड्यातले. दुष्काळाच्या सालात एकजण मिशनच्या आश्रयाला गेला, दुसरा गावकुसाबाहेरच राहिला आणि त्याच्या नातवाने १९५६ नंतर बुद्धाचा मार्ग धरला. म्हणजे आमची भावकी एकच, वाटा तेवढ्या दोन. तेव्हा नाही म्हणता आले नाही.

माझ्या आधी दोन वक्ते बोलले. त्यांनी बायबलमधले दाखले दिले. भर उन्हात आलेल्या तीन अनोळखी वाटसरूंसाठी धावपळ करणारा अब्राहाम. अनोळख्याला घरात घेताना कित्येकांनी नकळत देवदूतांचाच पाहुणचार केला, असे सांगणारे इब्री लोकांस लिहिलेले पत्र. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो राजा, जो न्यायाच्या दिवशी विचारतो की मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले की नाही. दाखले चांगले होते, वक्तेही प्रामाणिक होते. पण ऐकताना एक गोष्ट मला टोचत राहिली. बोलणारा आणि ऐकणारा प्रत्येकजण स्वतःला यजमानाच्या जागी धरून चालला होता. दार आपले, ताट आपले, परका बाहेर उभा. त्या मांडवात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या आज्या-पणज्यांना गावात कोणाच्याही उंबरठ्याला पाय लावता येत नव्हता, हे जणू सगळे विसरून गेले होते. पाहुणचाराचा विचार यजमानाच्या बाजूने करणे सोपे असते. ज्याच्यासाठी दार उघडलेच नाही त्याच्या बाजूने तो केला म्हणजे काय दिसते, हे मला सांगायचे होते. म्हणून मी हातातले टिपण बाजूला ठेवले आणि बाबासाहेबांची बडोद्याची हकीकत सांगितली. तिथे जे बोललो ते अपुरे होते. म्हणून हा लेख.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे छोटेसे आत्मकथनपर लिखाण. १९३५-३६ च्या सुमाराचे. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते प्रसंगांतून कळावे, म्हणून लिहिलेले. ते त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपात काढले. त्यातला बडोद्याचा भाग आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून १९१७ साली परतलेला हा तरुण शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला जातो. हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने तो एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव लिहून, राहतो. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून येतात आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून दम देतात.

विद्यार्थी ही हकीकत वाचतात आणि काठ्या लक्षात ठेवतात. काठी डोळ्यांना दिसते, म्हणून ती लक्षात राहते. मला मात्र त्यानंतरच्या काही ओळी या लिखाणाचा गाभा वाटत आल्या आहेत. संध्याकाळपर्यंत कुठेतरी आसरा शोधायचा म्हणून तो तरुण आपल्या दोन मित्रांकडे जातो. एक हिंदू, एक भारतीय ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटते, संतापही येतो. पण तो म्हणतो, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. मग ख्रिस्ती मित्र. याने पूर्वी आपण होऊन आपल्याकडे राहायला येण्याचे आमंत्रण दिलेले असते. आता तो म्हणतो, माझी बायको उद्या बडोद्याला येते आहे, तिला विचारायला हवे. हे मुत्सद्दी उत्तर होते, हे बाबासाहेबांना पुढे कळले. नवराबायको मूळचे ब्राह्मण कुटुंबातले. धर्मांतरानंतर नवरा विचाराने उदार झाला होता. बायको मात्र जुन्याच वळणाची राहिली होती आणि अस्पृश्याला घरात घ्यायला तिने संमती दिली नसती. त्या दिवशी पाच तास कामाठी बागेत काढून रात्रीच्या गाडीने हा माणूस मुंबईला परत आला.

या दोन नकारांची ठेवण पाहा. 'मला तू घरात नको' असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही. दोघेही तिथे हजर नसलेल्या माणसाकडे बोट दाखवतात. एक नोकरांकडे, दुसरा बायकोकडे. शिकलेल्या माणसाचा जातीयवाद नेहमी असाच बोलतो : माझे काही नाही हो, पण घरातली म्हातारी माणसे आहेत, शेजारी आहेत, भाडेकरू आहेत. आपल्यापैकी ज्यांनी शहरात खोली शोधली आहे त्यांनी हे वाक्य ऐकलेले आहे. मी स्वतः १९७८ साली एका शहरात खोली पाहायला गेलो, तेव्हा घरमालकाने मला चहा दिला, माझ्या नोकरीची चौकशी केली, आडनाव विचारले आणि मग सांगितले की आईला विचारून कळवतो. ती आई मला आजतागायत भेटलेली नाही.

शिबिरात मी एवढे सांगितले आणि थांबलो. वाटले होते की ख्रिस्ती मंडळींना थोडे झोंबेल. तसे ते झोंबलेही. एकजण उठून म्हणाला, एका माणसावरून आमच्या धर्माची परीक्षा करू नका. मी म्हटले, करत नाही. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. नर्सिंगला शिकणारी असावी. ती म्हणाली, "सर, पण त्या बाईला कोणी विचारलं तरी होतं का?"

मला उत्तर देता आले नाही. खरेच की. त्या बाई त्या दिवशी बडोद्यात नव्हत्याच. त्यांच्या नावाने दार लागले. त्यांनी नाही म्हटले असते असे बाबासाहेबांना नंतर कळले, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण नाही. पण दुसऱ्या दिवशी स्टेशनवर उतरल्यावर त्यांना नवऱ्याने हे सांगितले काय, आणि त्यावर त्या काय म्हणाल्या, याची नोंद कुठेही नाही. त्यांनी काही लिहून ठेवलेले नाही, आणि त्यांचे नावही आपल्याला ठाऊक नाही.

त्यांच्यासारख्याच दुसऱ्या एका बाईने मात्र लिहून ठेवले आहे. चांगले चार भाग लिहून ठेवले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाली. मराठी समीक्षेने या पुस्तकाला डोक्यावर घेतले ते बहुधा निर्मळ विनोदासाठी, बोलीच्या गोडव्यासाठी आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या लहरी स्वभावाच्या चित्रासाठी. पांढरपेशा वाचकाला त्यात एका विलक्षण संसाराची कहाणी दिसली. ती आहेच. पण शिबिराहून परत आल्यावर मी ते पुस्तक पुन्हा उघडले ते त्या मुलीच्या प्रश्नासाठी, आणि या वेळी मला त्यात एका चुलीची कहाणी दिसली. आपल्या नियतकालिकांनी या अंगाने त्याची दखल फारशी घेतलेली नाही, याची खंत वाटते.

सुरुवातच पाहा. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या घटनेनंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेल्या वस्तूसुद्धा धुवून घेण्यापर्यंत त्याची मजल गेली. अशा घरात वाढलेली ही मुलगी. तिचा नवरा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो आणि तिचे जग कोसळते. चार-पाच वर्षे ताटातूट. नंतर ती नगरला नवऱ्याजवळ राहायला येते तेव्हाही तिची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, याचे कौतुक सगळेच करतात. मला त्यात एक पेच दिसतो. त्या आवारात राहणारे बहुतेक ख्रिस्ती हे पूर्वाश्रमीचे महार-मांग होते. टिळक पत्नीच्या भावनेचा मान राखत होते, म्हणजेच त्या शेजाऱ्यांच्या सावलीपासून दूर राहण्याची मुभा तिला देत होते. एकाचे सोवळे जपायचे तर त्याच घरात दुसऱ्याचा अपमान सांभाळून ठेवावा लागतो. हा पेच टिळकांना जाणवला नसेल असे नाही. पण त्याची किंमत कोण मोजत होते, हे विचारायला तेव्हा कोणी नव्हते.

हाच पेच पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातही होता. १८८९ साली सुरू झालेल्या या संस्थेत उच्चवर्णीय विधवांना आपापले जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. त्याशिवाय कोणी मुलगी पाठवलीच नसती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला जे उभे राहिले त्यात हे जुने कुंपण टिकणे शक्यच नव्हते. उपाशी मुलींची ती झुंबड, त्यांना जात विचारून पंगती मांडणार कोण? शारदासदनात पाहुण्याच्या सोयीने घर बदलले होते. केडगावला पाहुण्यांच्या संख्येने घराचा धर्मच बदलला. रमाबाईंवर जे ढीगभर लिहिले गेले त्यात धर्मांतराचा वाद मोठा आणि ही भोजनशाळा लहान ठरली, हे आपल्या विचारविश्वाचे लक्षण आहे.

पण लक्ष्मीबाईंकडे परत येतो. त्यांच्या मनातली जात गेली ती कोणा पाद्र्याच्या प्रवचनाने नव्हे. त्या एकट्याच विचार करत असतात : ही जात देवाने केली की माणसाने? आणि उत्तर सापडल्यावर त्या पहिली गोष्ट करतात ती खाण्यापिण्याची. यापुढे कोणाच्याही हातचे घ्यायचे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. बडोद्याच्या घरात हा क्रम उलटा झाला होता. तिथे नवऱ्याचे विचार बदलले, नाव बदलले, उपासना बदलली, बैठकीची खोली बदलली. स्वयंपाकघर तेवढे राहून गेले. त्या नवऱ्याला स्वयंपाकघरात जाण्याची गरजच पडली नसेल. विचाराने उदार होणे पुरुषाला स्वस्त पडते, कारण पाहुण्यासाठी भाकरी थापायची नसते, त्याचे उष्टे ताट उचलायचे नसते. हे काम जिचे, तिला विचारात घेतल्याशिवाय केलेले प्रत्येक आमंत्रण पोकळ असते, आणि म्हणूनच ते वेळ आल्यावर तिच्याच नावाने मागे घेता येते. लक्ष्मीबाईंनी आपल्या चुलीचा निर्णय स्वतः केला. म्हणून पुढे त्यांच्या घरात पोरकी मुले आली, प्लेगच्या रोग्यांच्या शुश्रूषेला त्या गेल्या, बालकवी ठोमरे येऊन राहिले, आणि एवढे होऊनही त्यांच्या लेखणीत परोपकाराचा दर्प येत नाही. विनोद येतो. देणाऱ्याला स्वतःवर हसता येते, ही साधी गोष्ट नव्हे.

एक तक्रार मात्र आहे. ज्यांच्या हातचे पाणी लक्ष्मीबाईंनी प्रथम घेतले त्यांना त्या दिवशी काय वाटले? तांब्या पुढे करताना हात थरथरला का? घरी जाऊन ती गोष्ट कोणाला सांगितली का? 'स्मृतिचित्रे' हे सांगू शकत नाही. ते पुस्तक त्या हातांचे नाही. त्या हातांनी लिहायचे पुस्तक मराठीत अजून नीट लिहिलेच गेले नाही. 'बलुतं' १९७८ साली आले आणि आत्मकथनांचा बांध फुटला, पण त्या लोंढ्यात मिशनच्या आवारातल्या महार-मांगांचा आवाज क्षीणच राहिला. शिबिरातल्या मुलांना मी हेच सांगितले, की पाहुणचारावर प्रवचने पुष्कळ झाली, आता आजीला विचारून लिहा.

आता मूळ मुद्दा. लक्ष्मीबाईंनी जात सोडली तेव्हा त्यांनी कोणाला जेवू घातले असे नाही. त्यांनी दुसऱ्याच्या हातचे घेतले. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जेवू घालण्याने जात कधीच बुडालेली नाही. गाव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या भाकरी देतच आला. येसकराची पाळी असलेला महार संध्याकाळी घोंगडीची झोळी करून दारोदार फिरायचा, आणि प्रत्येक घरातली बाई वरून भाकरी टाकायची. न शिवता टाकायची. सणासुदीला गोडधोडही मिळायचे. त्या दानाला कोणी पाहुणचार म्हणेल काय? भाकरी वरून खाली येत होती तोवर गावाचा धर्म शाबूत होता. तीच भाकरी खालून वर गेली असती, महाराच्या चुलीवरची एक चतकोर भाकरी पाटलाच्या ताटात पडली असती, तर रात्रीत गाव पेटले असते. म्हणून देणे हे पाहुणचाराचे खरे माप नाही. आपण ज्याला बोलावतो त्याच्या घरचे आपल्याला चालते का, हे माप आहे.

ख्रिस्ती ग्रंथांत ही गोष्ट आहे, पण शिबिरातल्या वक्त्यांनी तो दाखला घेतला नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू थकून एका विहिरीच्या काठावर बसतो. मध्यान्हीची वेळ. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्यापाण्याचा व्यवहार ठेवत नसत. येशू तिच्याकडे पाणी मागतो. त्याच्याजवळ पोहराही नाही. बाई चकित होऊन विचारते, तू यहुदी असून माझ्याकडे कसा मागतोस? ही कथा धर्मोपदेशक सांगतात तेव्हा घाईघाईने पुढच्या संवादाकडे, जिवंत पाण्याकडे जातात. मी त्या पहिल्या वाक्यापाशीच अडतो. ज्याला ते देव मानतात तो इथे पाहुणा आहे, तहानलेला आहे, आणि ज्या भांड्याचा विटाळ मानायचा त्याच भांड्यातून पाणी मागतो आहे. आपल्या गावच्या विहिरीवरचे चित्र याच्या नेमके उलटे होते. तिथे आपली बाई रिकामी घागर घेऊन तासन्‌तास उन्हात बसायची, कोणी वरून पाणी ओतील म्हणून.

महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा विहिरीवरचे हे चित्र त्यांनी आपल्या अंगणापुरते बदलून टाकले. ते काही ख्रिस्ती झाले नाहीत. पण मिशनच्या शाळेत ते शिकले होते, आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एका कुटुंबात बौद्ध, ख्रिस्ती, महंमदी आणि सत्यधर्मी माणसे प्रेमाने एकत्र नांदू शकतात अशी कल्पना मांडली. त्या घरात यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे ठरवताच येत नाही.

चर्चला हे ठाऊक नव्हते असे नाही. उलट त्याच्या अगदी पहिल्या भांडणांपैकी एक भांडण पंगतीवरूनच झाले. अंत्युखियात पेत्र हा यहुदीतरांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमहून याकोबाकडची मंडळी आली तसा तो हळूच मागे सरला. त्याच्या पाठोपाठ बाकीचेही सरले. पौलाने त्याला सर्वांदेखत, तोंडावर, विरोध केला. हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. पेत्राने नकार दिला नव्हता, शिवी दिली नव्हती. 'लोक काय म्हणतील' म्हणून तो नुसता उठला होता. बडोद्याचा ख्रिस्ती मित्र पेत्राच्याच वाटेने गेला. दुर्दैव असे की त्या दिवशी बडोद्यात पौल कोणी नव्हता.

हिंदुस्थानात चर्चला पौलापेक्षा पेत्र अधिक मिळाले. तंजावरकडे ख्रिस्ती वेल्लाळ मंडळी अस्पृश्य ख्रिश्चनांबरोबर एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यायला तयार नव्हती. बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा पुष्कळ मंडळी चर्चच सोडून गेली. तिरुनेलवेलीजवळ वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये दोन जातींच्या मधे भिंत होती. ती १९१० साली पाडली. म्हणजे ज्या विधीत देव स्वतः यजमान होतो अशी त्यांची श्रद्धा, त्याच पंगतीत पेला वेगळा. या गोष्टी मी ख्रिस्ती माणसाला खिजवण्यासाठी सांगत नाही. त्यांची स्वतःची दलित मंडळी हे आमच्यापेक्षा जोरात सांगत आहेत, आणि वर राज्याचा दरवाजाही त्यांना बंद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तीत घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. चर्चमध्ये ते महार, कचेरीत ते ख्रिस्ती. आम्ही बौद्धांनी चौतीस वर्षे हाच अन्याय सोसला, आणि आमचे काम झाल्यावर त्यांच्या बाजूने आम्ही किती बोललो?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच लोकांकडून यायला हवा. पाहुणचार ही यजमानाची मर्जी असते. आपल्याला मर्जी नको, हक्क हवा. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर गेलेली माणसे पाहुणे म्हणून गेली नव्हती. कोणी पाणी वाढावे म्हणून ती थांबली नाहीत. स्वतःच्या ओंजळीने प्याली. नंतर तळे शुद्ध करण्यासाठी ज्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतल्या त्यांना हे बरोबर कळले होते. आणि सहभोजनांनी जात मेली नाही, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये स्पष्ट सांगितले आहे. खरा इलाज त्यांनी आंतरजातीय विवाहात आणि शास्त्रांवरची श्रद्धा मोडण्यात पाहिला. ते भाषणही गंमत म्हणजे एका आमंत्रणाचे फळ. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली अध्यक्ष म्हणून त्यांना बोलावले, भाषण आधी मागवून वाचले, आणि आमंत्रण बारगळले. आमंत्रण देणाऱ्याला पाहुण्याने काय बोलावे हेही ठरवायचे असते, याचा हा धडा.

हा आक्षेप मला मान्य आहे. आपण या देशात परके नाही, आणि आपल्याला 'परका' म्हणून प्रेमाने जवळ घेण्याची भाषा मला ऐकवत नाही. आपल्याला गावाबाहेर कोणी ठेवले, हे न विचारता दार उघडणारा माणूस भला असेल, पण त्याचे काम अर्धेच झाले आहे. तरीही हक्क मिळाल्यावर एक जागा शिल्लक राहते जिथे कायदा पोचत नाही. तळ्यावर पोलीस उभा करता येतो, स्वयंपाकघरात येत नाही. विहीर सरकारी असते, तांब्या घरचा असतो. हक्काच्या लढाईने बडोद्याच्या विश्रामगृहाचे दार उघडले असते. त्या मित्राच्या घराचे नसते उघडले. तिथे श्रद्धेने म्हणा, विवेकाने म्हणा, माणसाने स्वतःच आतून कडी काढावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती काढली, म्हणून एक बौद्ध समीक्षक त्यांच्या पुस्तकाची साक्ष काढतो आहे.

आणि हे सगळे लिहून झाल्यावर स्वतःच्या घराकडे पाहिल्याशिवाय हा लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझी आजी येसकराची भाकरी मागून आणणारी. तिच्या झोळीत पडलेली शिळी भाकरी मी खाल्लेली आहे. तीच आजी मांगवाड्यातून आलेला पाण्याचा तांब्या तोंडाला लावत नसे. मांगाच्या घरची लग्ने व्हायची, बोलावणे यायचे, आजी जायची, मांडवाबाहेर बसून सुपारी घेऊन परत यायची. जेवायची नाही. मी लहानपणी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "आपल्यात चालत नाही बाबा." गावाने जे वाक्य तिला ऐकवले तेच ती शब्दन्‌शब्द पुढे सरकवत होती. १९५६ नंतर आमच्या घरातले देव विहिरीत गेले, तो तांब्या मात्र आणखी पुष्कळ वर्षे बाहेरच राहिला. धर्मांतर ओसरीवर लवकर होते आणि चुलीजवळ उशिरा, हे मी बडोद्याच्या घरावरून शिकलो नाही, आमच्याच घरावरून शिकलो.

आज ते उघडपणे कोणी बोलत नाही. आमच्या वस्तीत दरवर्षी १४ एप्रिलला गावजेवण होते. शेजारच्या वस्तीतल्या मातंग मंडळींना आम्ही आग्रहाने बोलावतो, ती येतात, पंगतीत बसतात, आमची पोरे त्यांना वाढतात. आम्हाला त्याचा अभिमान वाटतो, फलकावर तसे लिहितोही. गेल्या १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंतीला त्यांनी जेवण ठेवले. आमच्या अख्ख्या आळीला बोलावणे होते. पुलाव होता, शिरा होता, बायकांनी पहाटेपासून रांधले होते. मी साडेबाराला गेलो. पहिली पंगत वाट पाहून उशिरा बसली. आमच्या आळीतून आम्ही चौघे होतो.